देहाचा जमाखर्च

दुःखांची प्रतवारी लावण्याची मनुष्यास जुनी खोड आहे. कोणते दुःख थोर, कोणते क्षुल्लक, कोणत्या दुःखासाठी डोळ्यांतून पाणी काढलेले शोभते आणि कोणत्या दुःखाविषयी तोंड उघडले असता ऐकणारे हसतील, याचा एक अलिखित तक्ता प्रत्येक समाजाजवळ असतो. त्या तक्त्यात केस गळण्याचे दुःख अगदी तळाशी सापडते. हा तक्ता सर्वस्वी चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या वर्धा जिल्ह्यातील घरांकडे पाहून हा विषय आम्हांस सुचला, त्याच जिल्ह्यातील कापूस पिकविणाऱ्या कुटुंबांवर गेल्या तीस वर्षांत जे प्रसंग ओढवले, त्यांच्या शेजारी फणीत अडकलेल्या केसांचे दुःख नेऊन ठेवण्याचे धाडस कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. परंतु दुःख लहान आहे एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही, व ते भोगणारा मनुष्य उपहासास पात्र होतो असेही नाही. लहान दुःखांचा विचार करताना पुष्कळदा मोठे प्रश्न उघडे पडतात. या दुःखातून असे दोन प्रश्न निघतात, म्हणूनच ते आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रसंग बहुधा असा असतो. पन्नाशीकडे झुकलेली एखादी गृहिणी; रक्तात साखर सापडलेली, गुडघे कुरकुरू लागलेले. डॉक्टर निक्षून सांगतात की वजन उतरविल्यावाचून गत्यंतर नाही. ती बाई मनाचा निग्रह करते. साखर सुटते, तूप सुटते, रात्रीचे जेवण सुटते; सकाळी चालणे सुरू होते; आणि चार-पाच महिन्यांत पंधरा-वीस किलो वजन उतरते. लग्नकार्यात जो तो म्हणतो, ‘वहिनी, ओळखू येत नाही तुम्ही!’ नेमक्या याच सुमारास न्हाणीघराच्या मोरीत, उशीवर, पोळपाटाजवळ केस सापडू लागतात. वेणी बोटाएवढी होते आणि भांग रुंद दिसू लागतो. ज्या आरशात तिने स्वतःचे नवे रूप मोठ्या कौतुकाने पाहिले, त्याच्यापुढे उभे राहण्याची आता तिला भीती वाटते. घरच्यांना सांगावे तर उत्तर मिळते, ‘बारीक झालीस ना? मग आता आणखी काय हवे?’ पुरुषांचीही स्थिती याहून निराळी नाही. ते फक्त टोपी घालतात किंवा विनोद करतात.

येथे उद्भवणारा पहिला प्रश्न असा की, देह नश्वर आहे हे लहानपणापासून ऐकत आलेल्या मनुष्याने देहाच्या इतक्या बाह्य भागासाठी शोक करणे हा मोह नव्हे काय? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. जी गोष्ट आपण होऊन पत्करली, तिच्याबरोबर आलेल्या हानीबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मनुष्यास उरतो काय? या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी प्रत्यक्ष घडते काय ते पाहिले पाहिजे; कारण वस्तुस्थिती ठाऊक नसताना केलेला नीतिविचार बहुधा कोणावर तरी अन्याय करतो.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपल्या परीने जगतो. दोन ते सहा वर्षे तो वाढत राहतो, महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आवळत जाते. आणि त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता आपल्या जागी टिकून असतो. त्यास पोषण मिळत नाही, पण तो पडतही नाही. शेवटी तो गळतो व त्याच मुळातून नवा केस उगवतो. निरोगी डोक्यावर शेकडा दहा-पंधरा केस कोणत्याही वेळी या विश्रांतीच्या अवस्थेत असतात, आणि रोज पन्नास ते शंभर केस गळले तरी कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु शरीरावर मोठा आघात झाला, म्हणजे विषमज्वर आला, बाळंतपण झाले, मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा अन्न एकाएकी तुटले, की वाढीत असलेल्या केसांपैकी पुष्कळसे एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी ते सगळे एकत्र गळू लागतात. बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की बाळंतिणीचे केस जातात हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. २०२० व २०२१ सालांतील करोनाच्या साथीनंतर घरोघरी हाच अनुभव आला. या प्रकारास शास्त्रीय नाव व उपपत्ती अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली दिली. पुढे १९७६ साली तेथीलच दोन डॉक्टरांनी जलद वजन उतरविणाऱ्या नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे वजन सुमारे बारा ते चोवीस किलो उतरले होते, आणि केस गळू लागले ते उपक्रम सुरू केल्यापासून दोन ते पाच महिन्यांनी. अलीकडे सेमाग्लुटाइडसारखी भूक मारणारी औषधे आली आहेत. वजन उतरविण्यासाठी त्या औषधाची जी परीक्षणे झाली, त्यांतही ते घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी केस गळाल्याचे सांगितले. केवळ नावाचे औषध ज्यांस दिले होते त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १ टक्का होते.

याचे कारण समजावयास वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यास पुस्तक उघडावे लागणार नाही. पऱ्हाटी ऐन भरात असताना पावसाने ओढ दिली किंवा खत कमी पडले तर झाड आपली पाती आणि कोवळी बोंडे टाकून देते. शेतकरी त्यास पातेगळ म्हणतो. झाड मूर्ख नसते. हाती असलेल्या ओलाव्यावर सगळे पोसता येणार नाही हे जाणून ते खोड आणि मूळ राखते, आणि ज्यावाचून प्राण राहील ते सोडून देते. मनुष्यदेहाचा व्यवहारही असाच चालतो. केसाच्या मुळातील पेशी देहातील अत्यंत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि केस हा मुख्यत्वे प्रथिनांचाच बनलेला असतो. प्रथिने, लोह, जस्त यांची आवक तुटली की देह आपला जमाखर्च मांडतो. हृदय, मेंदू व यकृत यांचा खर्च थांबविता येत नाही, केसांचा थांबविता येतो. आपण ज्यास हानी म्हणतो ती देहाच्या दृष्टीने काटकसर असते, आणि ती आपला प्राण राखण्यासाठीच केलेली असते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. केसांसाठी झुरणे हा निव्वळ मोह, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच समाजाचा इतिहास आठवावा. विधवेचे केशवपन ही चाल या महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या चालली. स्त्रीपासून तिचे सौभाग्य, तिचे रूप आणि समाजातील तिचे स्थान एका घटकेत काढून घ्यावयाचे तर कोठे हात घालावा, हे ती चाल घालून देणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. केस ही क्षुल्लक वस्तू असती तर ते काढून घेण्यास दंडाचे रूप आलेच नसते. आगरकरांनी ‘सुधारका’तून या चालीवर प्रहार केले, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालविणार नाही असा निश्चय केला. त्या नाभिकांस कोणी सौंदर्याचे उपासक म्हणणार नाही. मनुष्याचे रूप हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, एवढे त्यांनी ओळखले होते. तेव्हा आपल्या रूपातील एखादी ओळखीची गोष्ट हरपली असता मनास चटका बसणे हा चंचलपणा नव्हे. आपण स्वतःस ओळखतो ते काही अंशी चेहऱ्यावरूनच. चेहरा बदलला म्हणजे जी परकेपणाची भावना येते ती वेदान्ताचे दोन सिद्धान्त ऐकवून जात नाही.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे लोक आपण होऊन मुंडन करतातच की. जावळ काढतात, तिरुपतीस केस वाहतात, संन्यास घेताना डोके बोडके करतात. त्यांना शोक होत नाही. हे खरे आहे, आणि यातच उत्तर आहे. जो केस वाहतो तो देणारा असतो. ज्याचे गळतात त्याचे कोणी तरी नेत असते. एकच वस्तू हातातून दिली तर दान होते, खिशातून गेली तर चोरी होते. वस्तूचे मोल दोन्ही वेळा सारखेच, परंतु मनुष्याची इच्छा एका ठिकाणी हजर असते आणि दुसऱ्या ठिकाणी तिला कोणी विचारलेलेच नसते. वैराग्य याचा अर्थ आपण होऊन सोडणे असा आहे. दुसऱ्याचे जे परस्पर गेले त्याबद्दल त्यास वैराग्य शिकविणे फार सोपे असते, आणि म्हणूनच ते फारसे सभ्यपणाचे नसते.

दुसरा प्रश्न आपणांस थेट सेवाग्राम व पवनारच्या भूमीवर घेऊन जातो. अन्न सोडण्याचा विचार या जिल्ह्यात जितक्या गांभीर्याने झाला तितका दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी झाला असेल. बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला. आचार्य विनोबा भावे यांनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी व औषध वर्ज्य करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह सोडला. या दोघांच्या निश्चयाची तुलना कोणाच्या आहारनियमाशी करणे हा औचित्यभंग होईल, आणि ती आम्ही करीतही नाही. परंतु कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ लिहून ज्यांचे चरित्र मराठी वाचकांच्या घरी आणले, त्या बोधिसत्त्वाच्या तपश्चर्येत आपल्या विषयाला लागू पडणारी एक गोष्ट आहे. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात बुद्ध आपल्या उपवासांचे वर्णन स्वतः करतात. अन्न मूठभर कढणावर आणल्यामुळे अवयव वाळक्या वेलींच्या पेरांसारखे झाले. पोटाच्या कातडीस हात लावावा तो पाठीचा कणा हाती यावा. आणि अंगावरून हात फिरविला तर मुळाशी कुजलेले केस गळून पडावेत. वजन झपाट्याने उतरले असता केस जातात ही गोष्ट क्लिगमनच्याही शेकडो वर्षे आधी पाली भाषेत अशी नोंदलेली आहे.

त्या कथेचा पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. बोधिसत्त्वाने विचार केला की इतके क्लेश सोसूनही ज्ञान हाती आले नाही, तेव्हा मार्ग दुसराच असला पाहिजे. आणि त्याने पुन्हा अन्न घेतले. बरोबरचे पाच तपस्वी नाराज झाले. हा सुखलोलुप झाला, तपापासून ढळला, असे म्हणून ते त्यास सोडून गेले. शारीरिक निग्रहाचे माप जे बाहेरून लावतात त्यांचे नेहमी असेच होते. निग्रह दिसला की ते टाळ्या वाजवितात, आणि निग्रहाची मर्यादा दिसली की पाठ फिरवितात. आमच्या गृहिणीस जे वजनकाट्यावरून शाबासकी देतात तेच ती दोन घास अधिक खाऊ लागली की ‘सुटला वाटते नेम?’ असे विचारतात. गीतेनेही अति खाणाऱ्यास व मुळीच न खाणाऱ्यास एकाच वाक्यात योगाबाहेर ठेवले आहे, आणि सतराव्या अध्यायात देहास व्यर्थ कष्टविणाऱ्या घोर तपास आसुरी ठरविले आहे. म्हणजे तपाची थोरवी गाणाऱ्या परंपरेनेच तपाला मर्यादा घातली. आपण पत्करले ते सर्वच निमूटपणे सोसावे, असा तिचा आदेश नाही. पत्करलेल्या गोष्टीचे फळ पाहावे आणि मार्ग चुकीचा दिसल्यास तो बदलावा, असा आहे.

आणि पवनारचीच आणखी एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. १९३८ साली विनोबांची प्रकृती फार खालावली होती. त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींप्रमाणे वजन ८८ पौंडांवर आले होते. थंड हवेच्या ठिकाणी न जाता ते पवनारला धाम नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात येऊन राहिले. नदीवरील पूल ओलांडताना त्यांनी सर्व कामांची चिंता मनाने टाकून दिली. तेथे ते शेतात थोडे थोडे खणू लागले, ते खणणे हळूहळू वाढवीत गेले, आणि काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत चढले. ज्या पुरुषाच्या वैराग्याविषयी कोणास शंका येणार नाही, त्यानेही देहाचे म्हणणे ऐकले, आणि ते ऐकण्यात त्याच्या वैराग्यास कमीपणा आला नाही. देह हे साधन आहे असे मानणाऱ्याने साधनाची निगा राखली नाही तर त्याचे मानणे केवळ बोलण्यापुरते ठरते.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. मनुष्य वजन उतरविण्याचे पत्करतो. त्याबरोबर येणारी प्रत्येक हानी तो पत्करतो असे होत नाही, विशेषतः ती हानी कोणी त्यास आगाऊ सांगितली नसेल तेव्हा. आजारापासून सुटका मिळाल्याचा आनंद आणि केस गेल्याचे दुःख ही दोन्ही एका मनात एकाच वेळी खरी असू शकतात. एकाने दुसऱ्यास खोडून काढण्याचे कारण नाही. प्रामाणिक हिशेबात जमेची रक्कम मोठी आहे म्हणून कोणी खर्चाची ओळ पुसून टाकीत नाही.

मात्र हानीचा अधिकार मान्य केल्यावर तिच्याशी वागावे कसे, हेही ठरविले पाहिजे. येथे मन दोन टोकांस धावते. एक म्हणते, वजन कमी करणेच पाप होते, पूर्वीसारखे खाऊ लागू या. त्याने केस येतील की नाही ते पुढे दिसेल, परंतु साखर व गुडघेदुखी मात्र खात्रीने परत येतील. दुसरे मन बाजारात धावते. तेलाच्या बाटल्या, बायोटिनच्या गोळ्या, महिन्यात केस आणण्याची हमी देणारे लेप. भ्यालेल्या मनुष्याच्या पैशावर हा बाजार पोसला जातो. तेल केसास चकाकी देते. मुळाची उपासमार ते भागवू शकत नाही. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते, आणि त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या रक्तपरीक्षांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. शिवाय या बाजाराची एक खुबी आहे. असे गळणे बहुधा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे त्या वेळी हाती जी बाटली असेल तिला यश मिळते.

खरा उपाय साधा आहे आणि त्यामुळेच तो मनात भरत नाही. वजन उतरविण्याची गती मंद करावी आणि अन्न कमी करताना त्यातील सत्त्व कमी होऊ देऊ नये. भाकरी अर्धी केली तरी तुरीचे वरण पातळ करू नये. डाळी, दूध, दही, हरभरा, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी व मासे यांचा वाटा ताटात कायम असावा. ज्यांना अन्न कमी करावयाचे आहे त्यांनी प्रथम या वस्तू मोजाव्यात आणि मग उरलेल्या कमी कराव्यात. प्रत्यक्षात आमच्या घरांतून, विशेषतः स्त्रियांकडून, नेमके याच्या उलट होते. घरातील सर्वांस वाढून उरलेले खाणारी बाई आहारनियम पाळू लागली की तिच्या ताटातून पहिल्यांदा दूध आणि वरण नाहीसे होते. रक्तातील लोह व थायरॉइड तपासून घ्यावे; स्त्रियांत रक्तक्षय पूर्वीपासूनच असण्याचा संभव मोठा. केस वर्तुळाकार चकत्यांनी जात असतील, डोक्याच्या त्वचेस खाज वा जखम असेल, किंवा सहा महिने लोटूनही गळणे थांबत नसेल, तर कारण निराळे असू शकते. आनुवंशिक टक्कल अशा वेळी प्रथमच उघड होते. ज्या जिल्ह्यात १९६९ साली डॉक्टर सुशीला नायर यांनी सेवाग्रामास खेड्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि आता सावंगीसही दुसरे आहे, तेथील लोकांनी अशा शंकेसाठी जाहिरातींचा कौल लावण्याचे प्रयोजन नाही.

घरच्या माणसांचेही एक कर्तव्य आहे. ज्याचे केस गळत आहेत त्यास तत्त्वज्ञान ऐकवू नये आणि त्याची थट्टाही करू नये. ‘होय, कमी झाले आहेत, का झाले ते आपण पाहू,’ एवढे म्हणणारा एक मनुष्य घरात असला तरी पुष्कळ झाले. अर्धे दुःख केसांचे असते. उरलेले अर्धे ते कोणी मानीत नाही याचे असते, आणि ते दूर करण्यास वैद्य लागत नाही.

शेवटी धीराविषयी थोडे. आज गळणारा केस आजच्या चुकीने गळत नाही; दोन-तीन महिन्यांपूर्वी देहावर जो ताण पडला त्याचे ते उशिरा आलेले फळ असते. म्हणून आज आहार सुधारला तरी उद्या गळणे थांबत नाही, आणि अधीर मनुष्य उपाय निष्फळ ठरला असे समजून तो सोडून देतो. कर्म आणि फळ यांच्यामध्ये काळाचे अंतर असते, हे आपल्याकडे मुलासही पाठ आहे. पण स्वतःवर प्रसंग आला की ते अंतर सोसण्याची तयारी फार थोड्यांची असते. विश्रांतीत गेलेले मूळ मेलेले नसते. बहुधा जुना केस सुटतो तेव्हा त्याच्या खाली नव्याची वाढ सुरू झालेली असते. महिन्यास एक सेंटिमीटर या गतीने ती बोटभर दिसावयासही अर्धे वर्ष लागेल, आणि पूर्वीची वेणी येण्यास दोन-तीन वर्षे. पातेगळ झाली म्हणून कोणी शेतकरी पऱ्हाटी उपटून टाकीत नाही. तो ओल आणि खत पाहतो, आणि पुढच्या बहराची वाट पाहतो. देहाच्या बाबतीतही याहून अधिक शहाणपण आम्हांस ठाऊक नाही.